एक राजधानी, दोन दिवस

माणसाने परदेशी जाऊन यावे, याला माझी हरकत नाही. पण परत आल्यावर त्याने आमच्या शेजारी राहू नये.

आमचे शेजारी मुलाकडे जर्मनीला गेले होते. तेवढ्यावर भागले असते; पण मुलाने एका शनिवार-रविवारी त्यांना 'जरा रोम दाखवून आणले'. हे 'जरा' मला फार लागले. आमच्याकडे 'जरा' हा शब्द कोथिंबीर आणायला जाताना वापरतात. शेजाऱ्यांनी मात्र सीझरचे रोम दीड दिवसात उरकले. सकाळी नऊ ते साडेदहा कलोसियम, साडेदहा ते बारा फोरम, मग पोपसाहेबांकडे, आणि संध्याकाळी त्या प्रसिद्ध कारंज्यात नाणे टाकणे. नाणे टाकले की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणतात. शेजाऱ्यांनी रुपया टाकला. परत जाण्याची त्यांची इच्छा किती होती, ते यावरून कळावे.

हा सगळा तक्ता त्यांनी आम्हाला चहाच्या दोन फेऱ्यांत ऐकवला. ते गेल्यावर सौ. कप गोळा करता करता म्हणाली,

"आपण कधी दोन दिवस कुठे गेलोय?"

"मागच्या वर्षी गोंदियाला गेलो की."

"ते लग्न होतं. आणि तुम्ही तिथे वरपक्षाशी भांडलात."

यावर उत्तर नव्हते. म्हणून मी घोषणा केली, "आपणही राजधानी पाहायची. ऐतिहासिक. रोमच्या काळातली. येत्या शनिवार-रविवारी."

"कुठली?"

"पवनार."

सौ.ने कप खाली ठेवले. "पवनार? वर्ध्याला जाताना लागतं ते? तिथून तर आपण पन्नास वेळा गेलोय."

"गेलोय. थांबलो नाही."

राजधानी या विषयावर आम्ही नागपूरकर जरा हळवेच असतो. १९५६ पर्यंत आमचे गाव मध्य प्रदेशाची राजधानी होते. मग राज्ये नव्याने आखली गेली आणि राजधानी गेली. आता हिवाळ्यात अधिवेशनाला मुंबईहून सरकार येते, संत्री खाते आणि परत जाते. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या गावाची राजधानी गेली असे कळले की आम्हाला त्या गावाबद्दल आपुलकी वाटते. पवनारची तर दीड हजार वर्षांपूर्वीच गेली.

मी रीतसर कागद घेतला आणि चार रकाने आखले: प्रवास, मुक्काम, पाहण्यासारखे, खाण्यासारखे. प्रवासाचा रकाना लगेच भरला. नागपूरहून वर्धा रस्त्याने पवनार सत्तरेक किलोमीटर, एस. टी. दारात. खाण्यासारखे या रकान्यात सौ.ने 'वर्ध्याचा गोरसपाक, दोन किलो' असे लिहिले. तोही भरला. मी पाण्याची बाटली आणायला आत गेलो आणि परत येऊन पाहतो तो मुक्कामाच्या रकान्यात तिच्या अक्षरात एकच शब्द: 'दादांकडे'.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वर्ध्याला असतो. इतिहासाचा मास्तर होता, आता निवृत्त आहे. म्हणजे शाळेतून, इतिहासातून नव्हे. आमचे आर्वीला वडिलोपार्जित घर आहे. तीन खोल्या, एक विहीर आणि एक पडवी, जी कधीही पडेल. ते विकावे की ठेवावे यावरून सहा वर्षांपूर्वी आमचा वाद झाला. मी विकायचे म्हटले, दादा ठेवायचे म्हणाला. मग मी ठेवायचे म्हटले, तर तो म्हणाला, 'आता विकूनच टाक.' त्यानंतर एक वकिलाची नोटीस गेली, एक आली. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. दिवाळीला वहिनींचा फोन सौ.ला येतो, आणि मागे दादाचा खोकला ऐकू येतो. तेवढाच आमचा पत्रव्यवहार.

"हॉटेलात राहू," मी म्हटले.

"बघू," सौ. म्हणाली. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ ठरले असा असतो.

उरला रकाना 'पाहण्यासारखे'. इथे मात्र मी हबकलो. रोमच्या बादशहांची नावे मला शाळेपासून पाठ. त्यातला कोण वेडा होता आणि रोम जळताना कोण वाद्य वाजवत होता (जे खरे नाही असे आता म्हणतात), सगळे सांगेन. पण घरापासून सत्तर किलोमीटरवर कोण राज्य करत होते, याचे उत्तर 'वाकाटक' या एका शब्दात संपले. तोही शब्द परीक्षेत मी 'वाटाकक' असा लिहिला होता. तेव्हा वाचायला बसलो.

वाकाटकांच्या थोरल्या पातीची राजधानी आधी नंदिवर्धनला होती, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. तिथल्या रुद्रसेन दुसऱ्याला पाटलीपुत्राच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली मुलगी दिली. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. रुद्रसेन लवकर वारला. मुले लहान. तेव्हा या बाईंनी राज्य हातात घेतले आणि निदान तेरा वर्षे तरी ते धाकट्या युवराजाच्या वतीने चालवले. त्यांनी दिलेला तेराव्या वर्षाचा ताम्रपट पुण्यात मिळाला. त्यात गंमत अशी की वंशावळ सुरू होते ती सासरची नव्हे, माहेरची! समुद्रगुप्त, चंद्रगुप्त असे सगळे माहेर आधी येते. गोत्रसुद्धा माहेरचेच. मी हे मोठ्याने वाचले. सौ. पोळ्या लाटत होती. ती थांबली.

"तांब्यावर?"

"तांब्यावर."

"मग पुसताही आलं नसेल कुणाला," ती म्हणाली आणि पुढची पोळी जरा जोरात लाटली.

या बाईंचा मुलगा प्रवरसेन दुसरा. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनाहून निघालेले आहेत. पण पुढे अठराव्या वर्षाचा चम्मकचा ताम्रपट निघतो तो 'प्रवरपुरा'हून. म्हणजे मधल्या काळात राजाने राजधानी हलवली आणि नव्या गावाला स्वतःचे नाव दिले. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे प्रवरपूर म्हणजेच पवनार असे ठरवले. १९६३ साली वाकाटकांच्या सगळ्या कोरीव लेखांचा जाडजूड ग्रंथ त्यांनी संपादून प्रसिद्ध केला. ज्या काळात प्रवरपूर वसत होते, त्याच्या जरा आधी रोमचीही तीच तऱ्हा चालली होती. पश्चिमेच्या बादशहाने ४०२ साली आपला दरबार दलदलीच्या आडोशाला राव्हेन्नाला नेला, आणि ४१० साली गॉथांनी रोम लुटले. म्हणजे त्या काळी राजधानी हलवण्याची साथच असावी.

पण खरा जीव रमला तो चम्मकच्या ताम्रपटात. आम्ही सहलीची आखणी करतो, तशी तिथे सरकारी दौऱ्याची उलटी आखणी आहे. राजाने चम्मक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले आणि सवलती दिल्या. त्या सवलतींवरून त्या काळी अधिकारी दौऱ्यावर आले की गावाला काय काय पुरवावे लागे ते कळते. इथे शिपायांनी शिरायचे नाही. फुले आणि दूध मागायचे नाही. जनावरांना चारा, साहेबांना बसायला कातडे आणि शेगडीला कोळसा, यांपैकी काहीही गावाने द्यायचे नाही. वाचून मला माझी नोकरी आठवली. तपासणीला साहेब येत तेव्हा कातडे सोडून बाकी सगळे आम्ही पुरवले आहे. कोळशाच्या जागी रॉकेल एवढाच काय तो पंधराशे वर्षांतला फरक.

शिवाय त्या हजार ब्राह्मणांना अटी घातल्या होत्या. राज्याशी द्रोह करायचा नाही. चोरी, परस्त्रीगमन, ब्रह्महत्या नाही. लढाई करायची नाही. आणि दुसऱ्या गावांचे वाकडे करायचे नाही. हे मोडले तर जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचे पाप नाही. एक हजार माणसांना जमीन वाटताना भांडण होणार हे राजाला आधीच ठाऊक होते. आमच्या आजोबांनी आर्वीच्या घराबाबत एवढी दूरदृष्टी दाखवली असती तर!

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. बुटीबोरी गेले, सेलू गेले. कंडक्टरला मी ऐटीत म्हटले, "दोन पवनार."

"आश्रमात?"

"राजधानी बघायला."

त्याने तिकीट फाडता फाडता माझ्याकडे नीट पाहिले. "राजधानी मुंबईले हाये काका. इकडे काहून आले?"

मागच्या सीटवरच्या एका मुलाने माहिती पुरवली, "काका, पाटना पन ऱ्हाते." सौ. खिडकीबाहेर बघून हसत होती.

उतरलो. समोर धाम नदी. पात्रात खडक, खडकांत खेळणारे पाणी, वर पूल. कलोसियम दिसेना. गाव एका टेकाडावर वसलेले आहे. १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा ख्रिस्ताच्या आधीपासूनची वस्ती खाली निघाली. पुढे अकबराच्या वेळीही वऱ्हाडातल्या एका सरकारचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे, हे ठाणे होते. गावाची स्वतःची कथा वेगळीच आहे. इथे म्हणे पवन राजा होता आणि त्याच्याकडे परीस होता. शेतकऱ्यांनी साऱ्याऐवजी नांगराचा लोखंडी फाळ द्यायचा, राजा त्याला परीस लावून सोने करायचा. करवसुलीची याहून सुखाची पद्धत मी ऐकलेली नाही. पाराखाली बसलेल्या एका आजोबांना मी विचारले, "राजवाडा कुठे होता?" त्यांनी पायाखाली बोट दाखवले आणि तंबाखू मळत राहिले. उत्तर अचूक होते.

मग पूल ओलांडून आश्रमात गेलो.

तुम्ही-आम्ही पवनार हे नाव ज्यांच्यामुळे ओळखतो ते विनोबा इथे १९३८ च्या मार्चमध्ये आले. तेही हवापालटासाठी! प्रकृती पार खालावली होती, वजन ८८ पौंडांवर आले होते. कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यावी असे सगळ्यांचे मत पडले. विनोबांनी जमनालाल बजाजांचा धामच्या काठच्या टेकडीवरचा रिकामा बंगला निवडला. वर्ध्यात राहणाऱ्या माणसाने हवापालटासाठी आठ-नऊ किलोमीटरवरचे पवनार निवडावे! इतक्या कमी खर्चाची सहल आमच्या शेजाऱ्यांनाही जमली नसती. मोटार पुलावर आली तेव्हा त्यांनी मनाशी सगळ्या कामांचा संन्यास घेतला, आणि इथे येऊन काय केले? तर रोज थोडे थोडे खणायला लागले. काही महिन्यांत वजन चाळीसेक पौंडांनी वाढले. डॉक्टरांनी ही मात्रा अजून कोणाला लिहून दिलेली नाही.

काही महिन्यांच्या हवापालटाला आलेला हा माणूस पुढे इथलाच झाला. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही इथूनच बोलायला उभा राहिला. गांधीजींच्या अस्थींचा एक भाग १९४८ साली याच धामेत सोडला. १९५१ साली नेहरूंनी नियोजन मंडळाशी बोलायला दिल्लीला बोलावले, तेव्हा विनोबा सप्टेंबरात पवनारहून पायी निघाले आणि नोव्हेंबरात दिल्लीला पोचले. एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत जायला दोन महिने. तेही वाटेत भूदानाची जमीन गोळा करत. पुढे तेरा वर्षे ते चालतच राहिले. १९५९ साली इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्यामंदिर निघाले, ते आजही चालू आहे. १५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबांनी इथेच देह ठेवला.

आणि त्यांच्या त्या खणण्यातूनच राजधानी वर आली. कुदळीला दगड लागला, दगड उलटला तर मूर्ती. अशी किती तरी शिल्पे निघाली. मगरीवरची गंगा निघाली. मिराशींनी यांतल्या बऱ्याच शिल्पपटांत रामकथेचे प्रसंग ओळखले. प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे रामाच्या पुलाचे काव्य आहे, आपल्या मराठीच्या आजीच्या, म्हणजे महाराष्ट्री प्राकृत भाषेत. काव्यही रामाचे, शिल्पेही रामाची. तेव्हा इथे वाकाटकांचे राममंदिर असणार, असा त्यांचा तर्क.

विनोबांना मात्र या तर्काची गरज नव्हती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी राम आणि भरत यांच्या भेटीचे चित्र कोणी काढील तर ते किती सुंदर होईल, असे बोलून दाखवले होते. सहा वर्षांनी पवनारला खणताना जो शिल्पपट हाती आला त्यात त्यांना नेमकी तीच भेट दिसली. आपल्यासाठीच देवाने पाठवली म्हणून त्यांनी ती स्थापन केली. युरोपात ती काचेच्या पेटीत गेली असती, खाली क्रमांक आणि 'हात लावू नये' अशी पाटी. इथे तिच्यापुढे फूल होते.

मी त्या भरतभेटीपुढे उभा राहिलो. कागदावर या ठिकाणासाठी दहा मिनिटे ठेवली होती. दगड झिजलेला. पण दोन भाऊ आहेत हे कळते. रामायणातला हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ऐकून ऐकून त्यातली मुख्य गोष्ट विसरतो. भांडण राजधानीचेच होते. फक्त उलटे. हा म्हणतो तू घे, तो म्हणतो तू घे. शेवटी दोघांनीही घेतली नाही. थोरला वनात गेला, धाकटा अयोध्येबाहेर नंदिग्रामात पादुका ठेवून बसला. प्रवरसेनाची अख्खी राजधानी मातीत गेली. वाडे गेले, तट गेले, त्याचे स्वतःचे नावसुद्धा गावाने अर्धेमुर्धे ठेवले की नाही याची शंका. आणि वर काढून लोकांनी जपला तो राजधानी नको म्हणणाऱ्या दोन भावांचा दगड.

मला आर्वीची पडवी आठवली. तीन खोल्या आणि विहीर.

सौ. शेजारी उभी होती. तिने काही म्हटले नाही. बायका अशा वेळी काही म्हणत नाहीत, म्हणून जास्त ऐकू येते.

"चल," मी म्हटले. "हॉटेल शोधण्यात वेळ जाईल. दादाकडेच जाऊ."

"मी वहिनींना बुधवारीच कळवलंय," सौ. म्हणाली.

दार दादानेच उघडले. थकला होता. सहा वर्षांत माणूस इतका म्हातारा होतो हे फोनमधल्या खोकल्यावरून कळत नाही. दोघांनाही काय बोलावे सुचेना. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, हातपाय धुवा, चहा टाकलाय." तेवढ्यात मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो,

"प्रवरपूर बघून आलो."

दादाचे डोळे चमकले. मास्तर जागा झाला. "प्रवरपूर? कुठे?"

"पवनारला."

"पवनारला प्रवरपूर नाही. ते मनसरला."

"मिराशींनी सांगितलंय..."

"मिराशी मोठे, प्रश्नच नाही. पण त्यांच्यानंतर मनसरला उत्खनन झालं. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी केलं ते. हिडिंबा टेकडीवर विटांचं केवढं देवालय निघालंय! प्रवरेश्वराच्या नावाची मुद्रा मिळालीय. हान्स बाकर नावाचा डच पंडित तेच म्हणतो. आणि पवनारचे शिल्पपट रामायणाचेच, हेही सगळ्यांना मान्य नाही. तू वाचत नाहीस. लहानपणापासून वाचत नाहीस."

"देवालय निघालं म्हणजे राजधानी झाली का? उद्या तू शेगावला राजधानी म्हणशील!"

चहा निवला. वहिनींनी दुसरा केला, तोही निवला. मनसर रामटेकजवळ, आमच्या घरापासून ईशान्येला, पवनार नैर्ऋत्येला. म्हणजे राजधानी कुठेही असली तरी माझ्या घरावरूनच जावे लागते, हा माझा मुद्दा दादाने इतिहासाबाहेरचा म्हणून फेटाळला. जेवताना वाद, जेवल्यावर वाद. रात्री अकराला त्याने कपाटातून वह्या काढल्या. आतल्या खोलीत सौ. आणि वहिनी गोरसपाक खात बसल्या होत्या. मधूनच सौ. म्हणाल्याचे ऐकू आले, "भांडताहेत ना? मग झोपा तुम्ही निवांत."

आर्वीच्या घराचा विषय निघालाच नाही. साडेबाराला दादा दिवा मालवताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी ये. मनसरला नेतो तुला. तक्ता-बिक्ता आखू नकोस. तिथे दोन दिवस पुरत नाहीत." आणि जरा थांबून, "जाता जाता आर्वीची किल्ली घेऊन जा. पावसाळ्याआधी पडवी शाकारायला हवी."

आर्वी काही मनसरच्या वाटेवर नाही. अगदी उलट्या दिशेला आहे. पण भूगोल हा दादाचा विषय कधीच नव्हता, आणि मीही या वेळी त्याची चूक काढली नाही.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, "मग, काय काय पाहिलंत?"

मी कागद दाखवला. 'पाहण्यासारखे' या रकान्यात घाईघाईने लिहिलेली एकच ओळ होती: नदी, पूल, एक दगड. त्यांनी कीव केल्यासारखे बघितले. "आणि राजधानी?"

"ती दुसरीकडे असेल म्हणतात," मी म्हटले. "पुढच्या शनिवारी बघायला जाणार आहोत. दोघे भाऊ."